क्रेडिट कॉलेजचे, तास कुणाचे?

दर ऑगस्टमध्ये एफवायला गेलेल्या मुलामुलींवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत तोच वाद रंगतो. पदवी तीन वर्षांची बरी की चार? मेजर (मुख्य विषय) काय घेतलंस, मायनर (जोडविषय) काय मिळालं? कॉमर्सच्या पोराने ओपन इलेक्टिव्हला विज्ञानाचा पेपर का म्हणून द्यायचा? नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं, आणि या वादाला ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एईसी (क्षमतावाढ), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) अशी नवी अक्षरं मिळाली. शेजारच्या कर्नाटकाने तर २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी गुंडाळून पुन्हा तीन वर्षांची वाट धरली.

जर्मनीतून हा वाद ऐकताना एक गोष्ट खटकत राहते. भांडण वर्षांचं आहे, विषयांचं आहे, फीचं आहे. पण हा सगळा डोलारा ज्या क्रेडिटवर उभा आहे, ते नेमकं काय मोजतं हे कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षाला असलेलं पोर वर्षाच्या शेवटी किती वाढलेलं असेल, हे माझ्या मते पदवीच्या लांबीपेक्षा या प्रश्नावर जास्त ठरतं.

इथे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या कष्टाचे साधारण ३० तास. वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १,८०० तास. तीन वर्षांच्या पदवीला १८० क्रेडिट. या तासांत वर्ग, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी आणि खुद्द परीक्षाही आली. गणिताच्या पहिल्या सत्रातला ९ क्रेडिटचा पेपर घ्या. एकूण २७० तास. आठवड्याला चार तास व्याख्यान आणि दोन तास सराववर्ग, असे पंधरा आठवड्यांचे ९० तास होतात. उरलेले १८० तास विद्यार्थ्याचे. वर्गातल्या एका तासामागे वर्गाबाहेरचे दोन.

आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रॅक्टिकलचं असेल तर ३०. गंमत अशी की, २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १,२०० तासांचे ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे तिथेही क्रेडिटला ३० तासच. थिअरीच्या प्रत्येक क्रेडिटमागे वर्गाबाहेरचे १५ तास कागदावर आहेतच. पण वेळापत्रकात फक्त वर्गातले छापले जातात. २२ क्रेडिटचं सत्र सगळं थिअरीचं धरलं, तर न छापलेले तास ३३० भरतात, आठवड्याला २२. हे तास कॉलेज मागत नाही, पालकांना माहीत नसतात आणि विद्यार्थ्याला कुणी सांगितलेले नसतात. मग सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत ते गाइड, झेरॉक्स आणि 'आयएमपी' प्रश्नांच्या रूपाने उगवतात. त्यात प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र आखडतं आणि क्रेडिट तेवढेच राहतात.

जर्मन विद्यापीठाला विद्यार्थी फार आवडतात म्हणून तो इथे जास्त अभ्यास करतो, असं काही नाही. बहुतेक व्याख्यानांना हजेरीसुद्धा घेत नाहीत. काम करून घेतं ते एक साधं साधन: साप्ताहिक सरावपत्र. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र या शाखांत त्याची रीत ठरलेली आहे. दर आठवड्याला तीन-चार प्रश्नांचं एक पान येतं. आठवड्याच्या मुदतीत, बऱ्याचदा दोघातिघांच्या गटाने, ते सोडवून द्यायचं. तपासतो वरच्या वर्षाचा विद्यार्थी. त्याला विद्यापीठ तासाप्रमाणे पैसे देतं. वीस-पंचवीस जणांच्या सराववर्गात तोच उत्तरांची चर्चा घेतो. सत्रभरातल्या एकूण गुणांपैकी साधारण निम्मे मिळाले, तरच शेवटच्या परीक्षेला बसता येतं. हे गुण बहुधा अंतिम निकालात धरत नाहीत, ते फक्त दार उघडतात. त्यामुळे चुकायला जागा राहते. अर्धवट उत्तराला, चुकीच्या पण प्रामाणिक वाटेलाही काही गुण मिळतात.

यातही पळवाट आहे. गटातला एक सोडवतो, दुसरा नाव घालतो. पत्रावर गुण पडत राहतात आणि फेब्रुवारीत लेखी परीक्षेत तो दुसरा आडवा होतो. म्हणून कित्येक ठिकाणी प्रत्येकाने सत्रात एक-दोनदा फळ्यावर येऊन स्वतःचं उत्तर समजावून सांगण्याची अट असते. आता एआयला विचारून मिनिटभरात उत्तर मिळत असल्याने ही जुनी अट फारच शहाणपणाची ठरली आहे. आपल्याकडच्या अंतर्गत गुणांच्या असाइनमेंटशी याची तुलना केली की फरक कळतो. ती वहीत उतरवायची, सही घ्यायची आणि फाइलला लावायची. ती परत येते, पण तिच्यावर काय चुकलं ते लिहिलेलं नसतं.

आता इथली दुसरी बाजू, जी फेसबुकवरच्या बर्फाच्या फोटोंत दिसत नाही. जर्मन पहिलं वर्ष निर्दय आहे. परीक्षेला वेगळी नोंदणी ऑनलाइन करावी लागते. तारीख चुकली की बऱ्याच ठिकाणी पेपर पुढच्या सत्रावर जातो आणि कुणी आठवणीचा फोन करत नाही. अनेक पेपरांत एकाच लेखी परीक्षेवर सगळे गुण असतात. नापास झाल्यावर साधारणपणे एकूण तीन संधी, काही ठिकाणी दोनच. सक्तीच्या विषयात शेवटची संधी गेली की प्रवेश रद्द होतो, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याचा तर राहण्याचा परवानाच शिक्षणाला बांधलेला असतो. पदवीला बसलेल्यांतले चौथाईहून अधिक इथे अर्ध्यावर सोडतात; गणित आणि विज्ञानात प्रमाण त्याहूनही बरंच जास्त.

म्हणून एटीकेटीची, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाऊ देणाऱ्या सवलतीची, टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. तालुक्याच्या कॉलेजात बारावीपर्यंत मराठीतून शिकून आलेल्या मुलीला इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी झटापट करायला एक सत्र जास्त लागलं, तर तिला वर्गात ठेवणारी ही सवलत आहे. तिला तिसऱ्या फटक्याला घरी पाठवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा ती नक्कीच बरी. दोष असलाच तर तो एटीकेटी आणि पुढची परीक्षा यांच्यामध्ये काहीच घडत नाही, याचा आहे. राहिलेला विषय त्याच गाइडमधून, त्याच तीन आठवड्यांत पुन्हा 'काढायचा' असतो.

नव्या रचनेचा सगळ्यात मोठा दोष मला तुकड्यांचा वाटतो. ओईचा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा, ही कल्पना चांगली आहे. पण एका सत्राचे २०-२२ क्रेडिट दोन-दोनच्या तुकड्यांत वाटले की विद्यार्थ्यापुढे आठ-दहा पेपर येतात. दोन क्रेडिट म्हणजे वर्गातले ३० तास. तेवढ्यात विषयाची ओळख होते आणि लगेच निरोप. जर्मनीत पहिल्या सत्रात बहुधा चार-पाचच विषय असतात, पाच ते नऊ क्रेडिटचे. एखाद्या विषयात आपण कच्चे आहोत की तो आपल्याला आवडत नाही, हा फरक कळायला तेवढा सहवास लागतोच. ओई निवडताना नावाच्या आकर्षणावर जाऊ नका. तो पेपर शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक कॉलेजात आहे का, तास मेजरच्या प्रॅक्टिकलवर आदळतो का आणि मूल्यमापन कशावर आहे, एवढं आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी निवड आवडीने होत नाही, उरलेल्या जागांनी होते. तिथे निदान शिक्षक तरी पाहून घ्यावा.

परदेशात गेलं की पोरं स्वावलंबी होतात, हे वाक्य आता पाठ झालं आहे. भांडी घासतात, कपडे धुतात, स्वयंपाक करतात! लातूर-नांदेडहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा दोन वेळांत पुरवणारी मुलं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत, त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कमवा आणि शिका या तत्त्वावर उभं केलं. स्वावलंबन आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही.

इथे येऊन जे खरोखर नव्याने शिकावं लागतं ते रुक्ष असतं. आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली स्वतः वाचणं, संधी किती आणि मुदती कोणत्या हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिणं, प्राध्यापकाच्या भेटीच्या वेळी जाऊन "मला समजलं नाही" याऐवजी "दुसऱ्या ओळीतून तिसरी कशी आली?" असं विचारणं. दुसरा प्रश्न विचारायला आधी स्वतः दोन ओळी सोडवाव्या लागतात. आपल्याकडेही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, क्रेडिट आणि गुणांची विभागणी असते. सीनियरच्या तोंडी माहितीवर वर्ष काढायचं कारण नाही.

राहिला 'पुढे काय' हा प्रश्न. अठराव्या वर्षी याचं उत्तर नसणं इथे लाजिरवाणं मानत नाहीत. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात २०१२ पासून दोन सत्रांचा एक शोधवर्ग चालतो. विज्ञान-तंत्रज्ञानातले वेगवेगळे विषय खऱ्या वर्गात बसून चाखायचे, खऱ्या परीक्षा द्यायच्या आणि मग शाखा ठरवायची. पास झालेले पेपर पुढच्या पदवीत बऱ्याच अंशी धरले जातात. आपल्या धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं दार आहे: वर्षाचे ४०-४४ क्रेडिट, शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम, आणि हातात प्रमाणपत्र. पण बाजारात त्या प्रमाणपत्राला कोण विचारतं, ही पालकांची शंका रास्त आहे. अठराव्या वर्षीच्या मुलाला बहुतेक वेळा बाहेर पडायचं नसतं, बाजूला सरकायचं असतं. मिळवलेले क्रेडिट जिथे जमा राहतात त्या क्रेडिट बँकेत ते सात वर्षं टिकतात. त्यांच्या जोरावर शाखा बदलणं सोपं झालं, तर ती बँक कामाची.

जर्मनीकडे डोळे लावलेल्यांसाठी पहिल्या वर्षाचं एक वेगळंच मोल आहे. नुसत्या बारावीवर इथल्या पदवीला सहसा थेट प्रवेश नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांचं दार उघडतं. नाहीतर बारावीनंतर मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पुरं केलं, तर त्याच विषयक्षेत्रात अर्ज करता येतो. 'त्याच' हा शब्द नीट वाचा. बीकॉमचं पहिलं वर्ष करून संगणकशास्त्राला अर्ज केला, तर तो तिथेच अडतो. वर्ष यशस्वी हवं, म्हणजे विषय राहिलेले नकोत. त्यावर कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र, भाषेची पातळी आणि 'ब्लॉक्ड' खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे रुपयांत बारा लाखांच्या आसपास. फी बऱ्याच सरकारी विद्यापीठांत नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात आठवड्याला वीस तास काम आणि १,८०० तासांचं वर्ष यांची बेरीज जमत नाही. तिथेच पुष्कळ जण घसरतात.

सरावपत्राची पद्धत आपल्याकडे आणायला नवं धोरण लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. कमवा व शिका योजनेत मुलांना ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम देतात. त्यातले काही तास एसवाय-टीवायच्या मुलांना सरावपत्रं तपासायला द्यावेत. साठ जणांच्या वर्गाला तीन तपासनीस. प्रत्येकाकडे वीस विद्यार्थी, दोघांचा गट धरला तर दहा उत्तरपत्रं. पत्राला वीस मिनिटं म्हणजे साडेतीन तासांच्या आत तपासणी, वर दोन तासांचा सराववर्ग. आठवड्याला माणशी साडेपाच तास झाले. पहिल्या महिन्यात एक गोष्ट हमखास बिघडेल: तिघे तीन तऱ्हेने गुण देतील आणि वर्गात कुरबुर सुरू होईल. त्यासाठी शिक्षकाने दर सोमवारी तिघांना अर्धा तास समोर बसवून कोणत्या पायरीला किती गुण, हे ठरवून द्यावं.