पंचनामा, पतसंस्था आणि पहाटेचे पावणेदोन तास

मागच्या मंगळवारी रजा टाकून सत्र न्यायालयात जाऊन बसले. माझं स्वतःचं काही प्रकरण नव्हतं. खुनाचा खटला चालू होता, पंचाची साक्ष होती. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला. पंच म्हणाला, "सही माझीच आहे साहेब, पण वर काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पोलिसांनी कर म्हटलं, केली." पंच फितूर झाला. मग सरकारी वकिलांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी सुरू केली. मागच्या बाकावर बसून मी वहीत भराभरा उतरवून घेत होते.

ठरावीक प्रकरणं सोडली तर न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, कुणीही जाऊन बसू शकतं. हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी एक आख्खी रहस्य कादंबरी लिहून झाली होती.

त्या कादंबरीत शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, एकेक धागा उलगडतो, खुनी ढसाढसा रडत कबुली देतो, समाप्त. एका वकील मैत्रिणीला वाचायला दिली. तिनं चौथ्या दिवशी फोन केला, "अगं, तुझा खुनी सुटतोय." पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या साक्ष कायद्यात ते कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. कोठडीतल्या आरोपीनं सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्यापुरता भाग तेवढा चालतो.

शेवटची नव्वद पानं बाजूला ठेवली आणि पुन्हा लिहायला बसले. आता कोयता सापडायलाच हवा होता. तो विहिरीत टाकला. विहीर आली म्हणून मोटार आली, मोटार आली म्हणून ती दुरुस्त करणारा पोरगा आला. पहिल्या खर्ड्यात तो एका ओळीत येऊन गेला होता. आज वाचणारा प्रत्येक जण त्याच्याचबद्दल विचारतो. कायद्याची अडचण आली नसती तर हा पोरगा मला कधीच भेटला नसता.

हे सगळं सांगायचं कारण, नव्यानं रहस्यकथा लिहिणारे बरेच जण मला इनबॉक्समध्ये एकच विचारतात: नोकरी सोडू का? नोकरीपायी लिहायला वेळच मिळत नाही म्हणतात. माझं मत ठाम आहे. सोडू नका. पोटासाठी म्हणून तर नकाच, पण कथेसाठीही नका.

मी पतसंस्थेत वसुली विभागात आहे. सोळा वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून थकीत हप्त्यांची कारणं ऐकतेय. खरंच अडचणीत असलेला माणूस दोन वाक्यं बोलतो आणि खाली बघतो. थाप मारणारा तारीख, वार, दवाखान्याचा मजला, रिक्षावाल्याचं भाडं, सगळं सांगतो. जामीनदाराची सही दुसऱ्यानं केलेली असेल तर कागदावर पेन कुठे थबकलंय ते आता डोळ्यांना आपोआप दिसतं. हे मला कुठल्या लेखन कार्यशाळेनं शिकवलं असतं?

आमचा रहस्यकथा लिहिणाऱ्या पाच जणांचा गट आहे, दर रविवारी रात्री नऊला फोनवर भेटतो. त्यात एक एसटीत वाहक आहे. आडवेळी कुठल्या थांब्यावर कोण चढतं, बोचकं मांडीवर घट्ट धरून कोण बसतं, हे तो सांगतो तेव्हा आम्ही गप्प होतो. एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एक मास्तर आहेत, ते मुलांच्या तोंडून गावातलं सगळं ऐकतात.

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या. विषांची ओळख तिथेच झाली आणि पहिली कादंबरीही त्याच काळात, १९१६ मध्ये लिहिली गेली. ती छापून यायला १९२० उजाडलं, मधे काही प्रकाशकांनी परत पाठवली होती. इंग्लंडच्या रहस्यकथा लेखिका पी. डी. जेम्स रुग्णालयाच्या प्रशासनात नोकरी करत, नवरा आजारी, दोन मुली. पहाटे उठून लिहायच्या. पहिलं पुस्तक १९६२ साली आलं तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. मला हे वाचून किती आधार वाटला ते सांगता येणार नाही.

माझी वेळ साडेचार ते सव्वासहा. सव्वासहाला नळाला पाणी येतं, मग डबे. तेवढ्यात कधी चारशे शब्द होतात, कधी चाळीस. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी मी घटनांची तारीखवार वही तपासते. कोण कधी कुठे होतं, त्या दिवशी अमावस्या होती का, बाजार कुठल्या वारी भरतो. खुन्याचं आडनाव ठरवायला तर मला तीन आठवडे लागले. आपल्याकडे आडनाव म्हटलं की वाचक गाव आणि जात दोन्ही मनात धरतो. ही जबाबदारी आहे, आणि ती घाईत उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि कृपा करून नवे कायदे वाचा. १ जुलै २०२४ पासून पुढे घडलेल्या खुनाला तुमचा हवालदार जुन्या दंड संहितेचं '३०२' लावत असेल तर तो चुकतोय, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं अशी तरतूद आली आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. रुमालात पेला गुंडाळून खिशात घालणारा इन्स्पेक्टर आता कोर्टात टिकणार नाही. पण चित्रीकरणात मधलीच चार मिनिटं नसली तर? बघा, कथा तिथे सुरू होते.

एक गोष्ट मात्र जिवाला लागलेली आहे. माझी कादंबरी एका प्रकाशकाकडे दिली होती. आठ महिन्यांनी उत्तर आलं, छपाईचा खर्च तुम्ही द्या आणि तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या. त्यांनी पहिलं प्रकरणही वाचलेलं नव्हतं, बोलण्यावरून कळत होतं. मी नाही म्हटलं. त्या रात्री जेवले नाही. नंतर एक प्रकरण कथा म्हणून मोडून-जोडून दिवाळी अंकाला पाठवलं, ते छापून आलं, मानधनही आलं. 'धनंजय' किंवा 'नवल' यांसारख्या अंकांनी मराठी रहस्यकथेला किती वर्षं घर दिलंय! नव्या माणसानं आधी त्या दारावर जावं असं मला वाटतं. पैसे भरून पुस्तक काढण्याची घाई करू नये.

आपल्याला कमी पडतो तो पहिला वाचक. खुनी कोण हे माहीत नसलेला, आणि कुठल्या पानावर ओळखला ते खरं सांगणारा. घरचे लोक सांगत नाहीत, त्यांना आपलं मन मोडायचं नसतं.

म्हणून ज्यांची पन्नास पानं तरी लिहून झाली आहेत त्यांनी मला पाठवा. महिन्याला दोन जणांची वाचू शकेन, वसुलीचा मार्च महिना सोडून. जिथे मला संशय आला त्या पानावर पेन्सिलनं फुली मारून परत पाठवीन. आणि त्या फितूर पंचाच्या खटल्याची पुढची तारीख एकोणीसला आहे. दुसरा पंच येणार आहे. कुणाला यायचं असेल तर साडेदहाला कोर्टाच्या फाटकाशी भेटू, वही सोबत आणा, फोन बंद ठेवा.