उपाशीपोटी कोथिंबिरीचा रस आणि रक्तातलं शिसं

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: सकाळी उपाशीपोटी कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर हळद घातलेला रस घ्या, सात दिवसांत रक्तातलं शिसं लघवीवाटे बाहेर. पुरावा म्हणून कुणाचा तरी रिपोर्ट, आणि वर ‘करून बघा, नुकसान तर नाही’.

मुळात ‘उपाशीपोटी’ हाच सल्ला उफराटा. मोठ्या माणसाचं पोट भरलेलं असेल तर गिळलेल्या शिशाचा थोडाच भाग रक्तात जातो. रिकाम्या पोटी तोच कित्येक पटींनी वाढतो.

आहाराचा संबंध आहे, पण तो असा. शरीरात लोह कमी पडलं की आतडं लोह ओढून घेणारी वाहक प्रथिनं वाढवतं आणि त्यांच्याच आधारे शिसंही आत शिरतं. मग हिमोग्लोबिन घडवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) ते अडवतं. म्हणजे आधीच अ‍ॅनिमिया असलेल्या बाईला किंवा पोराला दुहेरी मार. कॅल्शियम कमी असेल तरीही शिसं जास्त शोषलं जातं. तेव्हा नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम), लोहासाठी मटकीची उसळ, ते नीट शोषलं जावं म्हणून वर लिंबू, आणि त्यात अडथळा नको म्हणून जेवणावर लगेच चहा नको. कोथिंबीर हवी तेवढी पेरा! पण याने शिसं आत येणं कमी होतं, आत मुरलेलं निघत नाही.

कारण मोठ्यांच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं, तेही वर्षानुवर्षं. रक्तातलं निम्मं व्हायलाच साधारण महिना लागतो, सात दिवसांचं काय घेऊन बसलात? आणि तो रिपोर्ट? शिशाचा संपर्क तुटला की रक्तातला आकडा रसाशिवायही उतरतो. कोथिंबिरीचे बरे निकाल आहेत ते उंदरांवरचे. मुलांमध्ये पातळी डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी सक्सिमरसारखी औषधं देतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

राहिलं नुकसान. बांगलादेशात हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळत. २०१९मध्ये हे उघड झाल्यावर तिथल्या सरकारने कारवाई केली. बिहारमधल्या हळदीतही ते सापडलंय. रसात अशी भेसळीची हळद पडली तर ज्या शिशासाठी हा खटाटोप, तेच उपाशीपोटी घेतल्यासारखं. शंका असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या आणि ते घरात येतंय कुठून ते शोधा: जुना रंग, बॅटऱ्यांचं काम, नाहीतर कुणीतरी औषध म्हणून आणून दिलेलं भस्म.