बूट नंतर विचारा, आधी कचऱ्याची पिशवी दाखवा

पहिला वळीव पडला की माझा फोन सुरू. "ताई, ट्रेकिंग सुरू करायचंय, बूट कुठले घेऊ?" मग दोन दिवसांनी, "रेनकोट बरा की पोंचो?" मग थेट, "या रविवारी हरिश्चंद्रगड करू का?" अरे बाबा, लिफ्ट बंद पडली तर तिसऱ्या मजल्यावर तुला धाप लागते, आणि हरिश्चंद्रगड? पाणी किती न्यायचं, अंधार पडायच्या आत खाली यायला किती वाजता परत फिरायचं, वर शौचाला लागली तर काय करायचं, हे विचारणारा माणूस अजून मला भेटायचाय.

आणि हे सगळे राहतात कुठे, तर कोथरूड, एरंडवणे, पाषाण, औंध. वेताळ टेकडी, पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, घराच्या मागे उभी आहे. फुकट. तिकडे जायचं नाव नाही, कारण तिथला फोटो टाकला तर कोण बघणार! सुरुवात तिथेच करायची असते. पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन, रोज, घरातल्याच जुन्या बुटांत. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पाय कसा टाकायचा, उतरताना गुडघे कसे सांभाळायचे, हे हनुमान टेकडीसुद्धा शिकवते. दोन-तीन महिन्यांनी मधल्या वारी पीएमपीने सिंहगड पायथा गाठा आणि आतकरवाडीच्या वाटेने चढा. मधल्या वारी म्हणतेय. रविवारी त्या वाटेवर रांग असते आणि घाटात गाड्यांचा खोळंबा.

पण नाही. यांना पहिल्याच पावसात 'वीकेंड पॅकेज' हवं. प्रवास, चहा-पोहे, "तज्ज्ञ लीडर" आणि ग्रुप फोटो, सगळं एका भावात. पोरांनी भरलेल्या बसच्या बस, आणि तो तज्ज्ञ लीडर म्हणजे मागच्या दिवाळीत पहिल्यांदा गडावर गेलेला कॉलेजकुमार. त्याच्याकडे ब्लूटूथ स्पीकर असतो. प्रथमोपचाराची पेटी बसमध्ये राहिलेली असते. लोहगडाच्या पायऱ्यांवर असे चार-पाच ग्रुप एकमेकांत अडकले की पुढचा हलत नाही, मागचा ढकलतो, आणि मधे कोणीतरी सेल्फी काढत उभा असतो. त्याच लोहगडाचं नाव २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, तेव्हा हेच लोक स्टेटसवर भगवे झेंडे फडकवत होते. झेंडा स्टेटसवर, वेफर्सचं पाकीट बुरुजाच्या जंगीत, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकात. शिवाजी महाराजांच्या नावाने घसा कोरडा करायचा आणि मग ती पाण्याची बाटली तिथेच भिरकवायची. तटाच्या दगडावर 'अमुक लव्ह्ज तमुक' कोरणारे वेगळेच. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अजून आत गेलेला कोणी मी पाहिला नाही, ते सोडा.

काही म्हटलं की उत्तर तयार. "अहो, संत्र्याची सालं नैसर्गिक असतात, कुजतात." कुजतात, पण तुमच्या बशीएवढ्या माचीवर रोज शेकडो लोक सोलत बसले तर कधी कुजणार? तोवर माकडं येतात. सिंहगडावर ती आता हातातली पिशवीच ओढतात. त्यांना कुरकुरे कुणी भरवले? आपणच ना, रीलसाठी? वेट वाइप्सचंही तेच. दिसायला कागद, पण बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात. झुडपामागे ते पांढरे तुकडे वर्षभर चिकटून राहतात, आणि पुढच्या पावसात ओढ्याला लागून खालच्या वाडीत उतरतात. त्या वाडीतली माणसं तेच पाणी भरतात हो! शौचाला लागली तर पाण्यापासून दोनशे फूट लांब जा, वीतभर खड्डा खणा, मातीने बुजवा, कागद पिशवीत घालून परत आणा. यात न समजण्यासारखं काय आहे?

गडावरची टाकी म्हणजे पोहायचे तलाव नव्हेत. सिंहगडाच्या देवटाक्याचं पाणी लोक पितात. तिथे पाय सोडून बसलेल्यांना हटकलं तर मला म्हणतात, "काकू, चिल."

मग वाटा. चिखल लागू नये म्हणून सगळे कडेच्या गवतावरून चालतात. वाट रुंदावते, गवत मरतं, पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं आणि दोन पावसांत माती जाऊन नुसता मुरूम उरतो. दोन-तीन हजारांचे वॉटरप्रूफ बूट घेतलेत ना? मग घाला की चिखलात!

पावसाळा संपला की मंडळी गायब, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत उगवतात, कॅम्पिंगला. गवत तेव्हा वाळून खडखडीत झालेलं. त्यात शेकोटी, त्यात विझवल्यासारखी वाटणारी सिगारेट. एक वणवा लागला की अख्खा उतार काळा, जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटव्या-चंडोलांची अंडी जळून खाक. आणि धूर, अत्तराचा घमघमाट, आरडाओरडा यांनी कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते. हे बसमधल्या त्या लीडरने सांगायचं असतं. तो अंताक्षरी घेत होता.

मागे अशाच एका ग्रुपच्या आयोजकाला मी विचारलं, की इतक्या लोकांचा नाश्ता वर झाला, द्रोण-पत्रावळ्या आणि कप खाली कोण आणणार? म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका. गावातल्या एक मावशी झाडतात, त्यांना आम्ही पैसे देतो." किती देता, एवढंच विचारलं. संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माझं नाव काढलेलं होतं.