कोचला मेल मुलीने लिहायचा, पैशांचं आपण विचारायचं

इथे अमेरिकेत आमच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. "लेक स्विमिंगमध्ये चांगली आहे, कॉलेजच्या कोचला मी काय लिहू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: तुम्ही काहीच लिहू नका.

दहावीचं वर्ष संपलं की 15 जूनपासून डिव्हिजन वनचे (कॉलेजच्या खेळांतल्या सर्वात वरच्या गटाचे) कोच टीममधल्या भरतीबद्दल मुलांशी बोलू शकतात. त्याआधी मुलीने मेल टाकला तर चालतं, पण त्यांना उत्तर द्यायला मनाई. हे माहीत नसलं की घरात सुतक. "आमच्या पोरीला कोणी विचारतच नाही!" अहो, विचारायला बंदी आहे. नियम तेवढे वाचून ठेवा, ते काम आपलं.

पोहण्यात तसाही आईबापाच्या कौतुकाला वाव नाही. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदलेली असते, कोच ती स्वतः बघतो. त्याला बाकीचं हवं असतं: शर्यत बिघडल्यावर ही कशी वागते, स्वतःचं म्हणणं मांडता येतं का. आपण लिहिलेल्या गुळगुळीत मेलमधून त्याला काय कळणार? सोळा वर्षांची मुलगी बाबांच्या ऑफिसातल्या इंग्रजीत लिहीत नसते, आणि कोच काही दुधखुळा नसतो.

मीटला, म्हणजे पोहण्याच्या स्पर्धेला, जरूर जा. हातात स्टॉपवॉच घेऊन लेनच्या टोकाला टायमर म्हणून उभे राहा, बूट भिजतील. दंडावर शार्पीने इव्हेंट, हीट, लेन लिहिलेली पोरं शेजारून जात असतात. त्यातली आपली एखादी टॉवेलात तोंड खुपसून बसली, तर लगेच "टर्न चुकला ना?" म्हणत जाऊ नका. ते सांगायला तिचा कोच आहे.

आपलं खरं काम पैशांचं, आणि नेमके तिथेच आपण भिडेखातर गप्प बसतो. "स्कॉलरशिप मिळेल" हे वाक्य फार सैल आहे. डिव्हिजन वनच्या पुरुषांच्या स्विमिंग टीमला कित्येक वर्षं 9.9 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्याच तुकडे करून वाटल्या जायच्या. जून 2025 मध्ये हाऊस खटल्यातली (कॉलेज खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांवरून चाललेल्या) तडजोड मंजूर झाली. तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांत आता शिष्यवृत्त्यांवर नाही, टीममधल्या जागांवर मर्यादा आहे. म्हणून पैसे वाढतीलच असं नाही. काही ठिकाणी जागा मात्र घटल्या. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) आणि तिसऱ्या गटातली, म्हणजे डिव्हिजन थ्रीची, कॉलेजं (एमआयटी, एमरी वगैरे) खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. कोच तोंडी म्हणाला "तू आम्हाला हवीस", तर त्याने कोणीच बांधलं जात नाही. तेव्हा स्वच्छ विचारा: लेखी किती? चारही वर्षं? दुखापत झाली तर?

त्याच्याही आधी, पहिल्या कॉलेज भेटीपूर्वी, वर्षाला आपण किती भरू शकतो तो आकडा लेकीला सांगा. आपल्याकडे मुलांना आईबापाचा पगार लग्नापर्यंत कळत नाही! आमच्या घरी मी भांडी लावता लावता सांगून टाकला. तिने काहीच न बोलता यादीतली दोन नावं खोडली आणि त्याच रात्री एका डिव्हिजन थ्रीच्या कोचला मेल टाकला. पुढे त्याच्याशी फोनवर बोलतानाही खोलीचं दार बंद. मेलमध्ये काय लिहिलं होतं, ते मला अजून माहीत नाही.