निळ्या कोल्ह्याच्या शेपटीचं टोक काळंच का ठेवलं

नमस्कार सर,

फोंड्याच्या शिगमोत्सव मिरवणुकीतल्या वेशभूषेसाठी मुलीला कोल्ह्याची शेपटी करून दिली, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पंचतंत्रातला कोल्हा नखशिखांत निळा झाला होता, तेव्हा शेपटी एकरंगी निळी हवी. काळं टोक आणि मधूनमधून डोकावणारा तपकिरी रंग गोष्टीला सोडून आहे. कोल्ह्याच्या शेपटीचं टोक वेगळं असलंच, तर ते पांढरं असतं. आणि वर गडद, खाली फिकट हा प्राण्यांच्या रंगांचा साधा नियमही मी पाळलेला नाही. जाता जाता तुम्ही असंही म्हणालात, की काळ्या-निळ्याचा सांधा फूटपट्टीने आखल्यासारखा दिसतो.

तीस वर्षं मुलांना रंग शिकवलेल्या माणसाने माझं काम इतकं निरखून पाहिलं, याचा मला खरोखर आनंद झाला. म्हणून दोन ओळींत आभार मानून थांबत नाही, सविस्तर लिहिते.

आधी टोकाचं बोलू. पांढऱ्या टोकाचा असतो तो लाल कोल्हा. आपल्या देशात तो हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात आढळतो. युरोपातल्या चित्रांच्या पुस्तकांत तोच असतो, आणि आपली मुलं तीच पुस्तकं बघत वाढतात, म्हणून पांढरं टोक सगळ्यांच्या डोळ्यांत बसलंय. आपण गोव्यात ज्याला कोलो म्हणतो, जो रात्री काजूच्या बागांच्या कडेने ओरडतो, तो सोनेरी कोल्हा. त्याच्या शेपटीचं टोक काळं. महाराष्ट्राच्या माळरानावरची खोकड घ्या, तिचंही टोक काळंच. पंचतंत्रातला तो निळा कोल्हा, चंडरव, तर संस्कृत गोष्टीतला शृगाल, म्हणजे हाच आपला कोल्हा. त्याला परदेशी शेपूट लावायला माझा हात धजला नाही.

आता निळ्याचं. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. गावात शिरलेल्या चंडरवामागे कुत्री लागतात, तो रंगाऱ्याच्या अंगणातल्या निळीच्या पिंपात पडतो आणि बाहेर येतो तो निळा होऊन. पण सर, तो निळीत पडला, ऑइल पेंटच्या डब्यात नाही! ऑइल पेंट खालचं सगळं झाकून टाकतो. नीळ धाग्यात शिरते आणि मूळच्या रंगात मिसळते. पांढरं सूत नीळ घेऊन लख्ख निळं होतं, पिवळसर सूत हिरवट निळं होतं, तपकिरी मळकट निळसर होतं, आणि काळं? ते काळंच राहतं. रंगवल्याने काळा धागा उजळत नाही. कोल्ह्याच्या अंगावर मुळात पिवळसर, तपकिरी आणि काळे केस एकमेकांत मिसळलेले असतात. अशा जनावराला निळीत बुडवलं तर एकसारखा निळा निघणारच नाही. तुम्ही म्हणता तसं पांढरं टोक असतं, तर उलट ते टोकच अख्ख्या शेपटीत सर्वांत झळाळतं निळं झालं असतं. हे मला शेपटी करताकरताच उमगलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्या दृष्टीने गोष्टीतलं मर्मही इथेच आहे. शेवटी तो ओरडतो आणि ओळखला जातो, कारण निळीखाली तो कोल्हाच असतो. एकरंगी निळ्या शेपटीत तो निळा कुत्राही झाला असता, निळी खारही. खालचा कोल्हा थोडा तरी दिसायला हवा.

म्हणून मी रंगीत फर घेतलीच नाही. बाजारात मिळणारी फर पॉलिएस्टरची किंवा ॲक्रिलिकची असते, आणि सुती कापडाचा रंग तिच्यावर धरत नाही. उकळत्या रंगात घालावी तर लव आखडते. पातळ केलेला ॲक्रिलिक रंग ब्रशने लावून ओला असतानाच विंचरला तर काम होतं, पण हात जरा जड पडला की लव काथ्यासारखी कडक होते. एका तुकड्यावर करून पाहिलं आणि सोडून दिलं. मग म्हापशातून लोकरीच्या गुंड्या आणल्या: गडद निळा, मोरपंखी, तांबूस तपकिरी आणि काळा. वीतभर लांबीचे धागे कापून सुती पट्टीवर झुपक्या-झुपक्याने गाठले. दर झुपक्यात दोन निळे धागे, एक मोरपंखी आणि कुठे तपकिरी तर कुठे काळा. नंतर कुत्र्याला विंचरायच्या तारेच्या ब्रशाने पीळ उकलेपर्यंत विंचरलं. विंचरल्यावर रंग एकमेकांत असे शिरतात, की जवळून चार रंग दिसतात आणि दुरून एकच जिवंत निळा. तुम्ही वर्गात ठिपक्यांनी रंगवायला शिकवलं असेल, त्यातलंच हे.

तिसरा आक्षेप, वर गडद आणि खाली फिकट हा, सर्वांत मोलाचा. नियम तुम्ही म्हणता तोच आहे. पण तो कशासाठी आहे, तेही पाहायला हवं. ॲबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये हे मांडलं होतं: उजेड वरून पडतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोटाकडे सावली येते. जनावर वर गडद आणि खाली फिकट असलं, की ही सावली पुसली जाते, अंगाची गोलाई हरवते आणि ते सपाट होऊन आसपासच्या रानात मिसळून जातं. हा नियम लपण्याचा आहे. माझी मुलगी मात्र दिसण्यासाठी मिरवणुकीत चालणार होती, आणि तीही डोक्यावरच्या दिव्यांखाली. खालची बाजू फिकट केली असती, तर शेपटी सपाट पट्टीसारखी दिसली असती. वर-खाली एकच मिश्रण ठेवलं, तेव्हा दिव्याने स्वतःच सावली पाडून तिला गोलाई दिली. दुपारच्या उन्हात, जवळून फोटो काढायचा असता, तर तुमचं ऐकून खालच्या बाजूला मोरपंखी वाढवला असता.

उजेडाचा विचार खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवा, आणि बहुतेकजण तो करत नाहीत. दुकानात ट्यूबखाली रंग पसंत करतात आणि शेपटी मिरवतात रात्री. तिन्हीसांजेला लाल-तपकिरी आधी विझतात, निळा मात्र टिकून राहतो. १९व्या शतकातल्या पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. म्हणजे संध्याकाळ निळ्याच्या बाजूची. पण रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली तोच निळा काळवंडतो, कारण त्या उजेडात निळं जवळजवळ नसतंच. मोरपंखी धागे मी त्यासाठी घातले आणि टोकाकडे जाताना त्यांचं प्रमाण वाढवत नेलं. तसं केलं नसतं, तर पिवळ्या दिव्याखाली निळं आणि काळं एकच झालं असतं. गुंड्या विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट केली होती. दुकानात चारही एका ओळीत ठेवून मोबाइलवर फोटो काढला आणि तो कृष्णधवल करून पाहिला. आधी निवडलेला निळा आणि तपकिरी अगदी एकाच राखाडीत दिसले. लगेच तपकिरी बदलून जास्त फिकट घेतला. शेपटी तयार झाल्यावर ती सोप्यावर टांगून अंगणातून पंधरा पावलांवरून पाहिली. मिरवणुकीत लोक साधारण तेवढ्या अंतरावर उभे असतात.

परीक्षकांना काही कळलं नसेल, असंही तुम्ही लिहिलंत. त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, नंबर आला नाही हे खरं. पण कडेला बापाच्या खांद्यावर बसलेला एक पोर ओरडला, “पळय, निळो कोलो!” (बघ, निळा कोल्हा!) माझ्या मुलीने मागे वळून शेपटी हलवली. एवढ्यासाठीच ती शेपटी होती.

राहिला सांधा. तिथे तुमचं पूर्ण बरोबर आहे आणि मी चुकले. रात्री काळं टोक वेगळं उठून दिसावं म्हणून सरळ रेघ ठेवली, आणि ती जनावराची न वाटता सॉक्सच्या पट्टीसारखी वाटते. खऱ्या शेपटीत काळे केस आधी एकेक करून निळ्यात येऊ लागतात, मग दाट होत जातात. काल रात्री शेवटच्या पाच ओळी उसवल्या. आता पहिल्या ओळीत झुपक्याला एक काळा धागा, दुसरीत दोन, तिसरीत तीन असं वाढवत नेते आहे, आणि ओळीही सरळ न ठेवता थोड्या वेड्यावाकड्या घेते आहे. मोरपंखी लोकर संपत आली आहे, त्यामुळे शुक्रवारी पुन्हा म्हापशाला जावं लागेल. पूर्ण झाल्यावर दिवसाउजेडी एक आणि पिवळ्या दिव्याखाली एक, असे दोन फोटो टाकते. सांध्याकडे नीट बघून सांगा.