थरथरीवर एकच औषध, क्रॉस?

पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सार असा: जुनी गाडी साठ-सत्तरला थरथरायला लागली की डोळे झाकून दोन्ही क्रॉस (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टमधले वळणारे सांधे) बदला. न्यूट्रल करून थरथर गेली तर दोष इंजिनाचा. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवल्याने शाफ्टला काही होत नाही. आणि एवढं करूनही राहिली तर शाफ्ट बॅलन्स करून आणा, काम फत्ते. बोलेरो पिकअप असो की जुनी टाटा 207, या सल्ल्याने हमखास होणारी एकच गोष्ट म्हणजे बिल.

पहिलं, क्रॉस. तो झिजतो हे खरं. पण ‘हाताला प्ले लागला तर खराब, नाही तर ओके’ ही परीक्षा अर्धीच आहे. दोन्ही योक (क्रॉसला दोन्हीकडून धरणारे दुबेळके) धरून उलटसुलट पिळल्यावर जाणवेल इतकी ढील असेल तर क्रॉस गेलाच. मात्र प्ले नसलेला, पण अडकणारा क्रॉसही तितकाच थरथरवतो, आणि तो गाडीखाली झोपून कळत नाही. शाफ्ट उतरवा, योक बोटांनी दोन्ही दिशांना हलवा. मध्येच खाच लागल्यासारखं झालं तर क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांतल्या सुया (बारीक रोलर) एकाच जागी घर करून बसल्या आहेत. कपाच्या कडेला गंजासारखी लाल पूड म्हणजे तो कप बऱ्याच दिवसांपासून कोरडा चालला आहे. ग्रीस मारताना ताजं ग्रीस चारही कपांतून बाहेर आलं पाहिजे. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथाच उद्या ओरडणार.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडला जातो ती चकती) आणि स्लायडिंग जॉइंटवर (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी जोड) पंचाने किंवा पेंटने खुणा करा. खुणा न करता सुटा केलेला स्लायडिंग जॉइंट एक-दोन दाते फिरून बसला की योकांची रेषा चुकते, आणि नवे क्रॉस घालून गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. मग दोष ‘डुप्लिकेट मालाला’. कप हातोडीने ठोकताना एखादी सुई आडवी पडली तरी तेच. कपांना धरणारं लॉक बसवल्यावर क्रॉस हाताने फिरला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखा मध्यात राहिला पाहिजे.

न्यूट्रलचा मुद्दा मेसेजमध्ये सर्वांत चुकीचा आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथरीच्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा, किल्ली मात्र बंद करू नका. स्टेअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचा बूस्टर साथ सोडतो. थरथर तशीच राहिली तर इंजिन संशयातून सुटलं. शाफ्ट, हौसिंग (मागच्या ॲक्सलचे गिअर), चाकं यांच्यात शोधा. पण ती थांबली म्हणजे इंजिनच, असं नाही. ढिला क्रॉस, पिनियनचं (शाफ्ट ज्याला फिरवतो त्या हौसिंगमधल्या गिअरचं) बेअरिंग किंवा शाफ्टच्या जोडाचा वाढलेला कोन ताण पडल्यावरच बोलतो, आणि न्यूट्रलला ताण नसतो. म्हणून अजून दोन चाचण्या हव्यात. त्याच वेगाला चौथ्यात आणि पाचव्यात चालवून बघा: थरथर वेगाला चिकटून असेल तर गिअरबॉक्सच्या मागे, आरपीएमला चिकटून असेल तर पुढे. शिवाय गाडी उभी ठेवून न्यूट्रलला तेवढेच आरपीएम चढवा. तिथेही केबिन थरथरलं तर इंजिन फाउंडेशनची रबरं आणि क्लच बघा.

थोडा हिशेब केला तर बरंच काही खोलावं लागत नाही. 215/75 आर15 टायर एका फेरीत साधारण 2.15 मीटर जातो. ताशी 80 ला चाक सेकंदाला सुमारे 10 वेळा फिरतं. हौसिंगचं रेशो 4.1 (चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे 4.1 फेरे) धरलं तर शाफ्ट 42 वेळा, म्हणजे अडीच हजार आरपीएम. सेकंदाला दहाचा जड, हेलकावणारा कंप म्हणजे चाक: रिममध्ये वाळलेला चिखल, वाकडी रिम, फुगलेला टायर. बेचाळीसचा बारीक गुणगुणता कंप म्हणजे शाफ्टचं बॅलन्स. त्याच्या दुप्पट, म्हणजे क्रॉसचा कोन; का ते पुढे पाट्यांत येतं. फोनवरचं कंपन मोजणारं ॲप सीटवर ठेवून पहिल्या दोन्हींतला फरक दिसतो. काही फोनना 50 च्या वरचं नीट पकडता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता पाटे. ऊस, भाजी, सिमेंट भरायचं म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवलेल्या गाड्या गावोगाव दिसतात, आणि मेसेजवाला म्हणतो काही होत नाही. तिरक्या जोडातून फिरताना शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो, दोनदा मंदावतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर पुढे जाणारा चढउतार फिटतो. दोन जोडांमधला तुकडा मात्र हिसके खातच राहतो. हा हिसका कोनाच्या वर्गाने वाढतो. समजा दोन तुकड्यांच्या शाफ्टचा उतार असा: पुढचा तुकडा 3 अंश, मागचा 5, पिनियन 3: दोन्ही जोडांना 2 अंश, उत्तम. पाटे वाढले, चासी उचलली गेली, मागचा तुकडा 8 अंशांवर गेला की दोन्हींना 5 अंश. अडीचपट कोन, सव्वासहा पट हिसका. साधारणपणे काम करणारा कोन 1 ते 3 अंश आणि दोन टोकांतला फरक अंशभरात असावा. अगदी शून्यही नको, सुया फिरतच नाहीत.

याची ओळख सोपी आहे: रिकामी थरथरते, माल भरला की गुळगुळीत. मोजताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकलेल्या ॲक्सलचं माप खोटं येतं. उपाय म्हणजे वाढवलेला पाटा काढणं, किंवा सेंटर बेअरिंगच्या (शाफ्टच्या दोन तुकड्यांच्या मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगच्या) ब्रॅकेटखाली दोन्ही बोल्टना सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन कोन वाटून घेणं.

उलट, भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्यात उचलताना धडधडते आणि तीसला शांत होते, तर आधी सेंटर बेअरिंगच्या रबराकडे जा. टॉमीने (छोट्या पहारीने) उचलून बघा. रबर फाटलेलं किंवा बेअरिंग खाली बसलेलं असेल तर बॅलन्सिंगला दिलेले पैसे वाया. सीलबंद बेअरिंगवर वरून ग्रीस-ऑइल चोपडू नका, रबर फुगून सडतं.

बॅलन्सिंगला शेवटी जा. आधी शाफ्टच्या नळीवरचा चिखल आणि डांबर खरवडा, पोचा पडलाय का आणि वेल्ड केलेली वजनाची चकती उडालीय का ते बघा. डायल गेजवर नळीच्या मध्यावर 0.5 मिमीच्या पुढे वाकडेपणा आला तर संशय घ्या. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. मग पिनियनच्या फ्लँजवरून शाफ्ट सोडून अर्धा फेरा फिरवून बसवा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाला चालवा. थरथर ठळक बदलली, कमी किंवा जास्त, तर फ्लँजही तपासा. बॅलन्सिंगच्या मशीनवर शाफ्ट एकटाच फिरतो, फ्लँजचा वाकडेपणा गाडीतच राहतो.