दाली म्हणजे अतिवास्तववाद नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अतिवास्तववादाविषयीचा (सरिअलिझम, म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांना केंद्रस्थानी ठेवणारी विसाव्या शतकातील कला-साहित्य चळवळ) एक लांबलचक मजकूर फिरत फिरत येऊन पोहोचला. चित्रकला महाविद्यालयात शिकणारी माझी भाची तो जसाच्या तसा आपल्या निबंधात उतरवायला निघाली होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुराचा आशय असा : अतिवास्तववाद हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा स्वप्नविलास होता, त्याचा म्होरक्या, स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली, हा हिटलर आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको यांचा चाहता होता, या मंडळींनी थोडेफार राजकारण केले ते मॉस्कोच्या हुकमाने, आणि युद्ध पेटले तेव्हा सगळेच्या सगळे अमेरिकेला पळाले, फॅसिझमविरुद्ध एकानेही स्वतःला झळ लागू दिली नाही. म्हणून कलावंताने राजकारणाच्या वाटेला जाऊ नये, असे तात्पर्यही शेवटी काढलेले आहे.

दाली म्होरक्या कधीच नव्हता. अतिवास्तववादाचा जाहीरनामा फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. दाली गटात आला तो १९२९ मध्ये. तोवर या गटाने मोरोक्कोतील रीफ प्रदेशावर फ्रान्सने चालवलेल्या युद्धाला १९२५ मध्येच जाहीर विरोध केला होता. पुढे १९३१ मध्ये पॅरिसमध्ये भव्य वसाहती प्रदर्शन भरले तेव्हा ‘ते पाहायला जाऊ नका’ असे पत्रक याच लोकांनी काढले आणि वसाहतींचे खरे स्वरूप दाखवणारे प्रतिप्रदर्शन भरवण्यात भाग घेतला. दालीने हिटलरविषयीच्या आकर्षणाची भाषा सुरू केल्यावर ब्रेताँ, चित्रकार मॅक्स अर्न्स्ट, कवी बांजामँ पेरे, चित्रकार इव्ह तांगी आदींनी लेखी ठरावच मांडला की, हिटलरी फॅसिझमचे उदात्तीकरण केल्याबद्दल दालीला फॅसिस्ट घटक म्हणून गटातून काढावे आणि त्याच्याशी सर्व मार्गांनी लढावे. ५ फेब्रुवारी १९३४ रोजी रू फोंतेनवरील ब्रेताँच्या घरी दालीची झाडाझडती झाली. ताप आल्याचे सांगून दाली तोंडात थर्मामीटर धरून, अंगावर स्वेटरांचे थर चढवून आला आणि प्रश्नोत्तरे चालू असताना एकेक स्वेटर उतरवत राहिला.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, तेवढे मान्य करावे लागते. त्या रात्री दाली पुरता हद्दपार झाला नाही. कवी पॉल एल्युआर यांच्यासारख्यांनी ठरावावर सही केली नाही, आणि १९३६ च्या लंडनमधील व १९३८ च्या पॅरिसमधील प्रदर्शनांत त्याची कामे मांडली गेली. कायमची फारकत १९३९ मध्ये झाली. हा उशीर गटाच्या नावावर लागतोच. पण १९७५ मध्ये फ्रँकोने दिलेल्या फाशीच्या शिक्षांची अंमलबजावणी झाल्यावर त्याचे अभिनंदन करणारा दाली साडेतीन दशके आधीच या चळवळीबाहेर पडला होता. त्याचे पाप तिच्या माथी मारणे हा उघड खोटेपणा आहे.

स्वप्नविलासाच्या आरोपाबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धात ब्रेताँ वैद्यकीय विद्यार्थी म्हणून मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळात काम करत होते. ज्या ‘शहाण्या’ युरोपने लाखो तरुणांना खंदकांत मरायला पाठवले, त्याच्या विवेकावरचा त्यांचा विश्वास तिथे उडाला. स्वप्न, अबोध मन आणि इच्छा यांकडे वळणे ही म्हणूनच पळवाट नव्हती. राष्ट्र, कुटुंब, धर्म आणि आज्ञाधारकपणा यांच्या नावाने माणसाकडून काय काय करवून घेता येते, त्यावरचा तो हल्ला होता. फॅसिझम उभा राहतो तो नेमका याच आज्ञाधारकपणावर.

मॉस्कोच्या हुकमाचा मुद्दा तर तारखांपुढे टिकतच नाही. १९२७ मध्ये ब्रेताँ, कवी लुई आरागाँ, एल्युआर आणि पेरे कम्युनिस्ट पक्षात गेले, हे खरे आहे. ६ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅरिसमध्ये उजव्या संघटनांनी दंगल केली, तेव्हा चारच दिवसांत ब्रेताँ आणि त्यांच्या साथीदारांनी पत्रक काढून सर्व कामगार संघटनांना एकजुटीचे आणि सार्वत्रिक संपाचे आवाहन केले, हेही खरे आहे. पण ज्यांना मॉस्कोचे नोकर म्हटले जाते त्याच ब्रेताँनी १९३६ मध्ये स्टालिनने विरोधकांवर मॉस्कोत चालवलेल्या खटल्यांचा जाहीर निषेध केला आणि १९३८ मध्ये मेक्सिकोत जाऊन, स्टालिनचा सर्वांत मोठा शत्रू असलेला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की याच्यासोबत स्वतंत्र क्रांतिकारी कलेचा जाहीरनामा लिहिला. त्यावर ट्रॉट्स्कीऐवजी मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांची सही आहे. कलेला पूर्ण मोकळीक असावी, फक्त कामगारक्रांतीच्या विरोधात ती नसावी, असा अपवाद ब्रेताँच्या मसुद्यात होता आणि ट्रॉट्स्कीने तो खोडायला लावला. हुकूम पाळणारे असे वागत नाहीत.

आता सर्वांत संतापजनक विधान : एकानेही झळ सोसली नाही. ब्रेताँ, अर्न्स्ट आणि इतर काहीजण १९४१ मध्ये फ्रान्स सोडून गेले, हे मान्य. पण ब्रेताँ त्याआधी सैन्यात डॉक्टर म्हणून होते, नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीने त्यांच्या लेखनावर बंदी आणली होती, आणि या राजवटीचे प्रमुख मार्शल पेताँ मार्से शहरात येणार म्हणून पोलिसांनी त्यांना इतरांसह एका जहाजावर डांबून ठेवले होते. अर्न्स्टचे चित्र तर नाझींनी १९३७ च्या म्युनिकमधील ‘विकृत कला’ प्रदर्शनात बदनामीसाठी टांगले होते. मृत्यूच्या दारातून निसटलेल्या माणसांना पळपुटे म्हणण्याचा अधिकार हा मजकूर लिहिणाऱ्याला कोणी दिला?

आणि जे मागे राहिले त्यांचे काय? क्लोद काऊँ ही छायाचित्रकार-लेखिका आणि तिची जोडीदार मार्सेल मूर या इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर राहत होत्या. १९४० मध्ये बेट जर्मनांच्या ताब्यात गेले. या दोघींनी बंदी असलेल्या रेडिओवर बीबीसीच्या बातम्या ऐकून, मूरला येत असलेल्या जर्मन भाषेत, पातळ कागदावर पत्रके टंकित केली. त्यांत संवाद असत, कविता असत, आणि खाली सही असे : ‘नाव नसलेला सैनिक’. ही पत्रके त्या दोघी जर्मन सैनिकांच्या खिशांत, गाड्यांत, सिगारेटच्या पाकिटांत गुपचूप सरकवत. आपल्याच तुकडीत कोणीतरी बंडखोर आहे, असे सैनिकांना वाटावे हा हेतू होता. अतिवास्तववाद्यांनी वर्षानुवर्षे घोटलेली तंत्रे, म्हणजे मुखवटे, बदललेली ओळख आणि विसंगत गोष्टींची जोडणी, इथे थेट शत्रूच्या मनावर चालवली गेली. जुलै १९४४ मध्ये दोघींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती रद्द झाली, तरी मे १९४५ मध्ये बेट मुक्त होईपर्यंत त्या तुरुंगातच होत्या. अटक झाली तेव्हा काऊँ एकोणपन्नास वर्षांची होती आणि मूर बावन्न. ही झळ नव्हे तर काय?

बांजामँ पेरे स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध आघाडीवर गेले. ब्रेताँशी फाटलेले, पण याच चळवळीत घडलेले कवी रोबेर देस्नोस प्रतिकार चळवळीत होते. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना फेब्रुवारी १९४४ मध्ये पकडले आणि जून १९४५ मध्ये तेरेझिन येथील छळछावणीत टायफसने त्यांचा अंत झाला. व्यापलेल्या पॅरिसमध्ये ‘ला मँ आ प्ल्यूम’ या तरुण अतिवास्तववाद्यांच्या गटाने १९४२ मध्ये एल्युआर यांची ‘स्वातंत्र्य’ ही कविता असलेली पुस्तिका काढली, आणि पुढे ती कविता ब्रिटिश विमानांनी फ्रान्सवर टाकली. या गटातील रोबेर रियुस यांना जर्मनांनी १९४४ मध्ये गोळ्या घातल्या. तिता या ज्यू चित्रकर्तीला आउश्वित्झला पाठवण्यात आले. प्रागमध्ये तोयेन या चित्रकर्तीने ज्यू कवी यिंद्रिख हाइस्लर यांना आपल्या घरात लपवून ठेवले. हा सगळा पट कोणाला एकत्र पाहायचा असेल, तर म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयाने ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अतिवास्तववाद आणि फॅसिझमविरोध याच विषयावर भरवलेल्या प्रदर्शनाची माहिती पाहावी. ज्या शहरात ‘विकृत कला’ प्रदर्शन भरले होते, त्याच शहराने हे काम केले.

ही केवळ पॅरिसमधल्या कॅफेंतली चळवळ होती, असाही एक सूर मजकुरात आहे, तोही टिकत नाही. डिसेंबर १९३८ मध्ये कैरोत कवी जॉर्ज हेनाइन आणि त्यांच्या साथीदारांनी ‘विकृत कला चिरायू होवो’ हा जाहीरनामा काढला होता. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर एमे आणि सुझान सेझेर हे लेखक दांपत्य व्हिशी राजवटीच्या नाकावर टिच्चून ‘त्रोपीक’ हे नियतकालिक चालवत होते. १९४३ मध्ये अधिकाऱ्यांनी त्यांचा कागद अडवला, तेव्हा संपादकांनी उलट लिहून कळवले की, आमच्याकडून बचावाची वा वादाचीही अपेक्षा करू नका, आपली भाषा एक नाही. त्याच वर्षी बेटावरची व्हिशी सत्ता कोसळली आणि अंक पुन्हा निघू लागले, ते १९४५ पर्यंत.